मँगनीज सल्फेटमधले शिसे आणि कॅडमियम काढणारे चिलेटिंग रेझिन : एक परीक्षण

हे परीक्षण इमिनोडायॲसिटिक गटाच्या चिलेटिंग रेझिनचे, म्हणजे द्रावणातले धातूंचे आयन पकडून ठेवणाऱ्या बारीक मण्यांचे आहे. मँगनीज सल्फेटच्या दाट द्रावणातून शिसे, कॅडमियम, निकेल आणि तांबे काढण्यासाठी आम्ही ते बसवले आणि काम स्थिरावल्यावर झिंक सल्फेटच्या द्रावणावरही चालवून पाहिले. पहिल्या क्षारावर त्याने उत्तम काम केले. दुसऱ्यावर मात्र तांब्यापलीकडे त्याची फारशी मजल गेली नाही. दोन्ही निकालांचे कारण एकच आहे आणि ते रसायनशास्त्राच्या कोणत्याही चांगल्या पाठ्यपुस्तकात सापडते, पण विक्रेत्याच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नाही. तिथे फक्त ‘जड धातू काढणारे रेझिन’ एवढेच छापलेले असते. घेणाऱ्याने त्या वर्णनावर न विसंबता आपल्या द्रावणातला मुख्य धातू कोणता, हा प्रश्न आधी सोडवावा, कारण या मालाची उपयुक्तता तोच धातू ठरवतो.

हे धातू काढण्याची गरज का पडते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. मँगनीज आणि जस्त यांचे सल्फेट सूक्ष्म अन्नद्रव्ये म्हणून शेतजमिनीत आणि जनावरांच्या खाद्यात जातात. अतिशुद्ध मँगनीज सल्फेट बॅटरीच्या धनाग्रासाठी लागणाऱ्या द्रव्यात वापरले जाते. जमिनीत पडलेले कॅडमियम पिकांची मुळे सहज शोषून घेतात, आणि माणसाच्या मूत्रपिंडात साठलेले कॅडमियम निम्मे व्हायला १० ते ३० वर्षे लागतात. शिशाच्या बाबतीत तर निर्धोक म्हणता येईल अशी रक्तातली पातळीच सापडलेली नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. बॅटरीवाल्यांची चिंता निराळी असते. त्यांना तांबे, लोह आणि जस्त काही पीपीएमपेक्षा (दशलक्ष भागांत काही भाग) जास्त चालत नाहीत. या दोन्ही प्रकारच्या ग्राहकांना खनिजाबरोबर आलेली ही मंडळी नको असतात आणि खनिज तर त्यांच्याशिवाय मिळत नाही. जस्ताच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण कॅडमियम आवर्त सारणीत जस्ताच्या बरोबर खाली बसते आणि निसर्गातही बहुतांशी जस्ताच्या सल्फाइड खनिजातच सापडते.

स्फटिकीकरण करणाऱ्या कारखान्यात यात आणखी एक अडचण असते. क्षाराचे स्फटिक काढून घेतल्यावर उरलेला द्रव, म्हणजे मदर लिकर, टाकून न देता पुढच्या बॅचमध्ये परत घेतला जातो. स्फटिकात न शिरलेली अशुद्धी त्या द्रवात राहते आणि फेरीगणिक वाढत जाते. पहिल्या काही बॅचेस चांगल्या येतात आणि मग माल हळूहळू घसरतो, तो यामुळेच. पूर्वी हा द्रव अधूनमधून काढून टाकणे हाच उपाय असे, आणि त्याबरोबर मँगनीजही जात असे. रेझिनचा खरा फायदा आम्हाला इथे दिसला. येणाऱ्या ताज्या द्रावणापेक्षा परत फिरणाऱ्या द्रवावर ते बसवले, तर कमी घनफळात जास्त अशुद्धी पकडली जाते.

आता वस्तूविषयी. हे रेझिन म्हणजे स्टायरीन आणि डायव्हिनिलबेन्झिन यांच्या सच्छिद्र बहुवारिकाचे मणी असतात. त्यांचा व्यास साधारण ०.३ ते १.२ मिलिमीटर. त्या सांगाड्यावर इमिनोडायॲसिटिक गट जोडलेले असतात. ईडीटीए हे धातू पकडणारे रसायन ज्यांनी प्रयोगशाळेत वापरले आहे, त्यांना हा गट ओळखीचा वाटेल, कारण ईडीटीएच्या रेणूची दोन्ही टोके याच घडणीची असतात. एक नायट्रोजन आणि दोन कार्बॉक्सिल मिळून धातूच्या आयनाला तीन बाजूंनी धरतात. साध्या पाणी मऊ करणाऱ्या रेझिनमध्ये आयन केवळ विद्युतभाराने चिकटतो. इथे त्याला धरून ठेवणारा बंध बनतो, म्हणून भोवती दुसरे क्षार विपुल असतानाही हे रेझिन निवड करू शकते. बाजारात लेवाटिट टीपी २०७, प्युरोलाइट एस९३० आणि ॲम्बरलाइट आयआरसी७४८ ही याच कुळातली नावे प्रसिद्ध आहेत, आणि याच घडणीचा माल इतर अनेक उत्पादकही बनवतात. त्यांची एकूण धारणशक्ती लिटरमागे साधारण २ इक्विव्हलंटच्या (आयनांचा भार मोजण्याचे एकक) आसपास सांगितली जाते. तो आकडा पाहून खरेदी ठरवू नये, असे माझे मत आहे.

कारण धारणशक्तीपेक्षा पसंतीचा क्रम अधिक महत्त्वाचा आहे. या गटाचा क्रम ढोबळमानाने असा आहे : तांबे सर्वांत वर, मग शिसे, निकेल, जस्त, कॅडमियम, कोबाल्ट, नंतर दोन संयुजेचे लोह, मँगनीज, आणि त्याखाली कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम. आयर्व्हिंग आणि विल्यम्स यांनी १९४८ आणि १९५३ च्या लेखांत दोन संयुजेच्या संक्रमण धातूंच्या संकरांच्या (धातू आणि त्याला धरणारे रेणू यांच्या जोडांच्या) स्थैर्याचा जो क्रम मांडला, त्यात मँगनीज सर्वांत खाली आणि तांबे सर्वांत वर आहे. रेझिनचा क्रम त्याच्याशी जुळतो. सुट्या इमिनोडायॲसिटिक आम्लाशी होणाऱ्या बंधाची ताकद पाहिली तर तांबे आणि कॅल्शियम यांच्यात सुमारे दहा कोटी पटींचा फरक आहे. मँगनीज सल्फेटमधून शिसे, निकेल आणि कॅडमियम निघतात ते या क्रमामुळे : मँगनीज द्रावणात हजारो पटींनी जास्त असले तरी त्याचा हक्क सर्वांत दुबळा. झिंक सल्फेटमध्ये चित्र उलटते. तिथे मुख्य धातू जस्त कॅडमियमच्या वर बसलेले असते, शिवाय संख्येनेही त्याचाच जोर असतो. कॅडमियमला जागा मिळण्याचे कारणच उरत नाही.

झिंक सल्फेटवर नेमके हेच झाले. तांबे उतरले, शिशात थोडी घट दिसली, कॅडमियम जसेच्या तसे बाहेर आले. हा रेझिनचा दोष म्हणता येत नाही, पण विकणाऱ्याने ‘जस्त आणि मँगनीज दोहोंसाठी उपयुक्त’ असे सांगणे हा विक्रीचा दोष नक्कीच आहे. झिंक सल्फेटमधल्या कॅडमियमसाठी जुनी जस्तभुकटीची रीतच योग्य आहे. प्रमाण विभव जितके अधिक उणे तितका धातू सहज विरघळतो; जस्ताचे ते उणे ०.७६ व्होल्ट आणि कॅडमियमचे उणे ०.४० व्होल्ट असल्यामुळे जस्त स्वतः विरघळते आणि कॅडमियम धातुरूपात खाली बसते. द्रावणात जे जाते ते जस्तच, म्हणजे परका पदार्थ काहीच मिसळत नाही. ही भुकटी टाकल्यावर गाळण लांबवू नये, कारण हवा आणि आम्ल यांच्या सहवासात बसलेले कॅडमियम पुन्हा विरघळते. कोबाल्टसाठी मात्र एवढ्याने भागत नाही, त्याला गरम द्रावणात अँटिमनीचे किंवा आर्सेनिकचे ऑक्साइड सोबत लागते. आर्सेनिकची रीत ज्या कारखान्यात आहे तिथे आर्सिन वायू तयार होऊ शकतो, आणि तो अतिशय विषारी असल्यामुळे त्याच्या बाबतीत कुठलीही हयगय करता येत नाही. लहान कारखान्यांनी त्या वाटेला जाऊ नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

मँगनीज सल्फेटकडे परत येऊ. रेझिनवर द्रावण सोडण्यापूर्वी लोह काढलेच पाहिजे. तीन संयुजेचे लोह या गटाला घट्ट चिकटते, मण्यांच्या छिद्रांत हायड्रॉक्साइड होऊन बसते आणि साध्या आम्लाने नीट सुटत नाही. सुदैवाने मँगनीजच्या कारखान्यात यावरचा उपाय हाताशीच असतो. पायरोलुसाइट, म्हणजे मँगनीज डायऑक्साइडचे खनिज, आम्लात टाकले की दोन संयुजेचे लोह तीन संयुजेचे होते आणि त्याबरोबर मँगनीजही द्रावणात उतरते. मग सामू (पीएच) हळूहळू ४ च्या पुढे नेला की फेरिक हायड्रॉक्साइडचा गाळ बसतो आणि जाताना आर्सेनिकही आपल्याबरोबर नेतो. ही पायरी वगळून रेझिन चालवू पाहणाऱ्याने तक्रार करू नये. शिशाचाही बराच भाग इथेच जातो. लेड सल्फेट साध्या पाण्यात लिटरला सुमारे ४० मिलिग्रॅम एवढेच विरघळते आणि सल्फेट विपुल असलेल्या द्रावणात त्याहूनही कमी. त्यामुळे द्रावण थंड करून नीट गाळले की रेझिनवर येणारे शिसे थोडकेच राहते. रेझिनने काढायचे ते हे उरलेले थोडके.

बसवताना दोन गोष्टींकडे माहितीपत्रकाने पुरेसे लक्ष वेधलेले नव्हते. पहिली, हे मणी सोडियम रूपातून (गटांना सोडियम जोडलेला) हायड्रोजन रूपात (त्याजागी हायड्रोजन) जाताना सुमारे एक तृतीयांश आकसतात आणि परत येताना तेवढेच फुगतात. कॉलममध्ये, म्हणजे रेझिन भरलेल्या उभ्या नळकांड्यात, वर मोकळी जागा कमी ठेवली तर फुगणारा थर वरच्या गाळणीला भिडतो, मणी फुटतात आणि त्यांचा चुरा पुढे व्हॉल्व्हमध्ये अडकतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. रेझिन पूर्ण सोडियम रूपात येते आणि त्याच्या छिद्रांतला द्रव बराच अल्कधर्मी असतो. त्यावर एकदम मँगनीज सल्फेट सोडले तर मण्यांच्या आतच मँगनीज हायड्रॉक्साइड तयार होते आणि हवा लागताच ते तपकिरी पडते. याउलट रेझिन पूर्ण हायड्रोजन रूपात ठेवले तर प्रत्येक धातू आयन आत शिरताना दोन हायड्रोजन आयन बाहेर ढकलतो, सामू घसरतो आणि सामू २ च्या खाली गेला की रेझिनची पकड सुटते. मधला मार्ग असा की मणी अर्धवट उदासीन करून घ्यावेत, म्हणजे सामू ८ च्या आसपास स्थिर करावा, आणि मग शुद्ध मँगनीज सल्फेटच्या पातळ द्रावणाने त्यांना मँगनीज रूपात आणावे. यानंतर शिसे किंवा निकेल पकडताना रेझिन जे सोडते ते मँगनीजच असते. सोडियमही वाढत नाही आणि सामूही ढळत नाही. बॅटरीच्या दर्जाचा माल करणाऱ्यांना या एका पायरीमुळे बराच फरक पडेल.

प्रत्यक्ष चालवताना धीर लागतो. इथला बंध बनायला साध्या रेझिनपेक्षा वेळ जास्त लागतो. पाणी मऊ करण्याच्या वेगाने द्रावण सोडले तर रेझिनला हात घालायला फुरसतच मिळत नाही. तासाला थराच्या घनफळाच्या ५ ते १० पट प्रवाह आम्हाला ठीक वाटला. त्यापुढे कॅडमियम लवकर निसटू लागते. द्रावण कोमट ठेवल्याने वेग सुधारतो, पण इथे मँगनीज सल्फेटचा एक विक्षिप्तपणा लक्षात ठेवावा लागतो : सुमारे २७ अंश सेल्सियसच्या पुढे त्याची विद्राव्यता तापमानाबरोबर घटत जाते. संपृक्त द्रावण गरम करून कॉलममध्ये सोडले तर थरातच स्फटिक बसण्याची भीती असते. म्हणून संपृक्ततेपासून पुरेसे अंतर राखून द्रावण पातळ ठेवावे आणि पुढे बाष्पीभवनाचा खर्च थोडा वाढेल, हे गृहीत धरावे.

रेझिन भरत आले आहे हे कसे ओळखायचे, हा या मालाच्या वापरातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न आहे. तांबे पकडलेले मणी वरून खाली निळे पडत जातात, आणि पारदर्शक कॉलम असेल तर चालक त्या निळ्या रेषेवर विसंबतो. ती रेषा कॅडमियमविषयी काहीही सांगत नाही. वर दिलेल्या क्रमात कॅडमियम आमच्या नको असलेल्या चार धातूंपैकी सर्वांत खाली आहे, त्यामुळे ते सर्वांत आधी बाहेर येते, तेही निळी रेषा अर्ध्या उंचीवर असताना. त्याहून वाईट असे, की मागून येणारे तांबे आणि निकेल आधी बसलेल्या कॅडमियमला हुसकावून लावतात, आणि मग काही काळ बाहेर पडणाऱ्या द्रावणात कॅडमियम आत जाणाऱ्या द्रावणापेक्षाही जास्त आढळते. जागा भरलेल्या एसटीत आरक्षणवाला चढला की आधी बसलेल्याला उठावे लागते, त्यातला हा प्रकार. एकाच कॉलमवर काम चालवणाऱ्याला हा उलटा झटका एखाद्या चांगल्या बॅचमध्ये मिसळून बसतो आणि नंतर तो निघता निघत नाही. दोन कॉलम एकापाठोपाठ ठेवावेत, नमुना पहिल्यातून द्रावण बाहेर पडते तिथे घ्यावा, आणि तिथे कॅडमियम दिसू लागताच पहिला बाहेर काढून दुसऱ्याला पुढे आणावे. पुरवठादाराच्या आराखड्यात एकच कॉलम होता. तो स्वीकारू नये.

मापनाबद्दलही दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण रेझिनचे यशापयश शेवटी प्रयोगशाळेच्या कागदावर ठरते. सल्फाइडचा रंग पाहून जड धातू ‘शिसे म्हणून’ मोजण्याची जुनी चाचणी अजून अनेक तपासणी अहवालांत दिसते. कोणता धातू किती आहे, हे ती सांगत नाही; नमुना जाळताना पारा उडून जाऊ शकतो; आणि निकाल पाहणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून असतो. अमेरिकी औषधकोशाने ही चाचणी १ जानेवारी २०१८ पासून रद्द केली आणि तिच्या जागी एकेक मूलद्रव्य स्वतंत्रपणे मोजणाऱ्या आयसीपी पद्धती (नमुना तप्त प्लाझ्मात नेऊन मोजणाऱ्या) आणल्या. औषधांसाठीच्या आंतरराष्ट्रीय क्यू३डी मार्गदर्शिकेत तोंडावाटे घेण्याच्या औषधातून दिवसाला कॅडमियम ५, शिसे ५, आर्सेनिक १५ आणि पारा ३० मायक्रोग्रॅम अशा वेगवेगळ्या मर्यादा आहेत. एवढे वेगळे आकडे एका रंगछटेवरून निघणे शक्यच नाही. मात्र आयसीपीसुद्धा डोळे मिटून वापरण्यासारखी नाही. दाट मँगनीज सल्फेट यंत्रात घातले तर क्षाराच्या गर्दीने संकेत दबतो, रेझिन प्रत्यक्षात आहे त्याहून चांगले भासते, आणि विक्रेता खूश होतो. नमुना भरपूर पातळ करावा, प्रमाण द्रावणे त्याच क्षारात बनवावीत, किंवा नमुन्यात माहीत असलेले शिसे घालून ते परत मिळते का, ते पाहावे. ज्या प्रयोगशाळेला हे तिसरे काम जमत नाही तिच्या अहवालावर माझा विश्वास बसत नाही. हायड्रोक्लोरिक आम्लातले आर्सेनिक मोजणाऱ्यांनी आणखी जपावे : वस्तुमान वर्णपटात आर्गॉन आणि क्लोरिन एकत्र येऊन वस्तुमान ७५ दाखवतात आणि आर्सेनिकचेही तेवढेच असते.

पुनरुज्जीवनाची, म्हणजे भरलेले रेझिन धुऊन पुन्हा वापरण्याजोगे करण्याची पायरी ही या मालाची खरी कसोटी. सल्फेटचा कारखाना म्हटल्यावर सल्फ्युरिक आम्लाने रेझिन धुवावे, असा विचार पहिल्यांदा मनात येतो, कारण उत्पादनात परका क्लोराइड शिरत नाही. शिसे नसेल तर तो विचार बरोबर आहे. शिसे असेल तर मण्यांच्या छिद्रांतच लेड सल्फेट बसते आणि पुढे ते काढणे दुष्कर होते. म्हणून आधी पाण्याने मँगनीजचे द्रावण बाहेर काढावे. मग सामू २ च्या आसपासच्या अगदी पातळ सल्फ्युरिक आम्लाने सैल बसलेले मँगनीज सोडवून उत्पादनाकडे परत न्यावे. नंतर सल्फेट संपेपर्यंत धुऊन कोमट, ५ ते १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने तांबे, शिसे, निकेल आणि कॅडमियम उतरवावे. आम्ल कोमट हवे, कारण लेड क्लोराइड थंड द्रवात फार विरघळत नाही. नायट्रिक आम्लात शिशाचा प्रश्न सुटतो असे कोणी सुचवील. तीव्र आणि गरम नायट्रिक आम्ल सेंद्रिय रेझिनशी स्फोटक रीतीने वागू शकते, आणि हा धोका पत्करण्याजोगे त्यात काही नाही. धुणे, आम्ल, पुन्हा धुणे, अर्धवट उदासीनीकरण, मँगनीज रूप, असा सगळा क्रम व्यवस्थित करायचा तर कॉलम बराच वेळ कामाबाहेर राहतो, आणि हा वेळ उत्पादनाच्या हिशेबात धरलेला नसतो. रेझिनच्या बाजूने एवढे म्हणतो की हा छळ त्याने चांगला सोसला. मणी टणक आहेत, आकार बराचसा सारखा आहे, धुताना वर तरंगणारा चुरा नगण्य होता आणि पुनरुज्जीवनानंतर पकड पूर्ववत होत राहिली.

पर्यायांशी तुलना केल्याशिवाय शिफारस अपुरी ठरेल. मँगनीज सल्फेटसाठी सोडियम किंवा अमोनियम सल्फाइडची रीत जुनी आणि स्वस्त आहे, आणि ती चालते त्याचेही कारण तेच : मँगनीज सल्फाइड तुलनेने बरेच विद्राव्य असते, तर शिसे, कॅडमियम आणि तांबे यांची सल्फाइडे जवळजवळ अविद्राव्य असतात. एक टाकी, एक ढवळणी आणि एक फिल्टर प्रेस एवढ्यावर काम भागते. त्रुटी दोन. आम्लता थोडी जास्त राहिली तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो; त्याचा वास सुरुवातीला येतो आणि मात्रा वाढली की नाक बधिर होते, त्यामुळे वासावर विसंबणारा कामगार सुरक्षित नसतो. शिवाय सल्फाइडचा साका अतिसूक्ष्म असतो, कापडातून निसटतो आणि फिल्टरमधून पुढे गेलेला तो पुन्हा विरघळतो. डायथायोकार्बामेट हे गंधकयुक्त सेंद्रिय रसायन वापरले तर निकेल आणि कोबाल्ट अधिक खात्रीने बसतात, पण थोडे सेंद्रिय द्रव्य द्रावणात मागे राहते आणि ते काढायला कोळसा लागतो. आमच्या अनुभवावरून मी असे म्हणेन की अशुद्धी मोठ्या प्रमाणात असेल तेव्हा सल्फाइडने मोठा भाग काढावा आणि शेवटचे थोडे रेझिनला द्यावे. केवळ खाद्याच्या दर्जाचा माल करणाऱ्याला बहुतेक वेळा सल्फाइडच पुरेसे असेल आणि रेझिन हा अनावश्यक खर्च ठरेल. बॅटरीच्या दर्जाकडे वळणाऱ्याला मात्र हे रेझिन टाळता येणार नाही, असे मला वाटते.

पारा हा या रेझिनचा विषय नाही. त्याला गंधकाची ओढ असते, म्हणून थायॉल किंवा थायोयुरिया गटाचे वेगळे रेझिन घ्यावे. मात्र ते पाऱ्याला इतके घट्ट धरते की अनेकदा ते पुन्हा वापरता येत नाही. आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल शुद्ध करू पाहणाऱ्याने दोन्ही रेझिने बाजूला ठेवावीत. तिथे लोह आणि पारा क्लोराइडशी संयोग पावून ऋणभारित होतात, आणि ऋणभारित आयन धरणारे साधे प्रबळ ऋणायन रेझिन त्यांना पकडते. लोह तर नुसत्या पाण्याने सुटते. निकेल असे संकर करत नसल्याने ते मात्र तसेच पुढे जाते.

पुरवठादाराच्या सेवेबद्दल माझे मत मिश्र आहे. माल वेळेवर आला, ओलावा टिकवणाऱ्या बंद पिशव्यांत आला, आणि प्रत्येक लॉटचे तपासणीपत्र सोबत होते. पण त्या पत्रावरची धारणशक्ती शुद्ध तांब्याच्या पातळ द्रावणात मोजलेली होती, जिथे स्पर्धा करणारे कुणीच नसते. आमच्या द्रावणात उपयोगी पडणारी धारणशक्ती त्याच्या लहानशा अंशाएवढी भरली. खरेदी करणाऱ्याने आपलेच द्रावण विक्रेत्याकडे पाठवून लहान कॉलमवर चाचणी मागावी, आणि त्या चाचणीत कॅडमियम बाहेर येईपर्यंत किती घनफळ गेले तो आकडा लेखी घ्यावा. त्यासाठी विक्रेता कुरकुरतो. तरी आग्रह सोडू नये.

पुनरुज्जीवनातून निघालेल्या आम्लाची व्यवस्था खरेदीपूर्वीच ठरवावी लागते. त्यात शिसे आणि कॅडमियम एकवटलेले असतात, आणि ते कारखान्याच्या इतर सांडपाण्यात सोडणे म्हणजे काढलेले विष पातळ करून परत देणे. आम्ही ते वेगळ्या टाकीत उदासीन करतो आणि सल्फाइडने साका पाडतो. साका कमी असल्यामुळे तो बंद पिंपात साठवून धोकादायक कचरा म्हणून पाठवणे सोपे जाते. रेझिन स्वतः जीर्ण होईल तेव्हा तेही याच वर्गात मोडेल, म्हणून वापरलेले रेझिन परत घेण्याची तयारी आहे का, हा प्रश्न विक्रेत्याला आधीच विचारावा. आमच्या पुरवठादाराने त्याला तोंडी होकार दिला आणि खरेदी आदेशात ती अट लिहायला नकार दिला.